दगडाबाईची गडणी

दगडाबाईच्या आईला आधी तीन लेकरं झाली आणि तिन्ही गेली. चौथी मुलगी झाली तेव्हा आजीनं तिला उचलून गोठ्यातल्या धोंड्यावर ठेवलं आणि म्हणाली, "हिचं नाव दगडी. देवाला वाटू दे दगुडच हाय, काय न्यायचा." देव फसला. पोरगी जगली, वाढली, आणि वेळेवर लग्न होऊन धामणखोरीच्या गोरक्षनाथ गर्ज्याच्या घरात आली.

धामणखोरी पाथर्डी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगराला पाठ लावून बसलेलं गाव. जमीन मुरमाड. पाऊस मनात येईल तेव्हा. खरिपाची बाजरी निघाली की शेताला काम उरत नाही आणि दसरा झाला की वेशीत ट्रॅक्टर उभे राहायला लागतात. पत्रे, भांडी, शेळी, पोरं, सगळं ट्रॉलीत भरून माणसं ऊस तोडायला प्रवरेच्या पट्ट्यात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. गोरक्षनाथ आणि दगडाबाई हा एक कोयता कधी कोल्हारला, कधी देवळाली प्रवरेला, पाचटाच्या कोपीत सहा महिने काढायचा आणि पाडव्याच्या आसपास गावी परतायचा. त्यातच रामहरी झाला, फडातच रांगला, आणि मोठा होऊन चाकणला एका कंपनीत टेम्पोवर लागला.

अशा जगण्यात दगडाबाईला एक गोष्ट कधी मिळाली नाही. तिला गडणी नव्हती. बाईला जीवाभावाची मैत्रीण असावी, जिच्याजवळ नवऱ्याची, सासूची, पोटातल्या दुखण्याची गोष्ट काढावी, एवढी साधी गोष्ट. पण त्यासाठी एका जागी राहावं लागतं. गावात अर्धं वर्ष, फडात अर्धं, आणि फडातली टोळी दर साली निराळी. जाऊ होती, छबूबाई. पण जावेजवळ सगळंच बोलता येत नाही. दगडाबाईला त्याची उणीव अशी कधी वाटली नव्हती. जे चाखलंच नाही त्याची भूक कशी लागणार?

मग गावाच्या माळावर रोपवाटिका आली.

पाथर्डीच्या एका संस्थेनं ती काढली होती. योजना मोठी होती: आफ्रिकेतल्या वाळवंटाच्या कडेला फळझाडं लावायची. युरोपातल्या एका देशानं पैसा द्यायचा, नायजर नावाच्या देशानं जमीन आणि माणसं द्यायची, आणि आपल्याकडच्यांनी कोरडवाहू झाडांची कलमं करायला शिकवायचं. संस्थेच्या पंकजाताई गावात सभा घ्यायला आल्या तेव्हा पारावरची म्हातारी हसली. "ताई, आमच्याच माळावर कुसळं उगवत्यात. आमी कुनाचं वाळवंट पिकवायचं?"

"म्हणून तर तुमच्याकडं आले," पंकजाताई म्हणाल्या. "पाण्याशिवाय जगायचं कसं, ते पाणी असणाऱ्याला काय विचारायचं?"

झाड निवडलं होतं बोरीचं. रानटी बोर तिकडंही माजतं, इकडंही. त्या रानटी खुंटावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरायचा, की मोठं, गोड फळ येतं. रोपवाटिकेत बायका हव्या होत्या. दगडाबाईची कंबर तेव्हा नुकतीच फडात धरली होती, म्हणून गोरक्षनाथ म्हणाला, "औंदा तू ऱ्हा घरी. मी भाच्याबरूबर कोयता धरतो." तो फार बोलणारा माणूस नव्हता. असं एखादंच वाक्य बोलायचा, पण बोलला की ते धरून राहायचा.

दगडाबाई शिकली. डोळकाडीवरून, म्हणजे चांगल्या झाडाच्या कापलेल्या फांदीवरून, सालीसकट डोळा अलगद सोडवायचा, खुंटाची तेवढीच साल काढून तिथं बसवायचा, आणि वर-खाली प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधायची, डोळा तेवढा उघडा ठेवून. तिच्या हाताला ते जमलं. पुढच्या वर्षी गोरक्षनाथही रोपवाटिकेत राखणीला लागला आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्या घराची चूल थंडीत गावातच पेटली.

तिसऱ्या आषाढात पंकजाताई म्हणाल्या, "मावशी, नायजरहून एक बाई येणार आहे शिकायला. पावसाळाभर राहील. पाथर्डीत खोली घेतली होती तिच्यासाठी, पण ती म्हणते, एकटी राहणार नाही. जिच्याकडून शिकायचं तिच्याच घरात राहीन."

"अवो ताई, आमच्या घरात? त्या काय खात्यात, कशा बसत्यात..."

"बाजरी खातात," पंकजाताई म्हणाल्या. "तुमच्यासारखीच."

ती आली तेव्हा अर्धं गाव वेशीत. उंच, काळीभोर, डोक्याला निळं फडकं गुंडाळलेलं, आणि चालणं असं की जणू हे गाव तिचंच आहे आणि ती फक्त बाजारातून परत आली आहे. नाव हादीझा. बरोबर इदरीस नावाचा दुभाष्या होता. तो तिची भाषा इंग्रजीत सांगायचा आणि पंकजाताई ती मराठीत आणायच्या. हादीझा विधवा होती, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. वय दगडाबाईएवढंच. दारात आल्या आल्या तिनं दगडाबाईच्या नावाचा अर्थ विचारला.

"दगुड," दगडाबाई लाजून म्हणाली. "आदीची लेकरं जगली न्हाईत म्हून."

हे दोन भाषांतून हादीझापर्यंत पोचलं, आणि तिनं एकदम मांडीवर हात मारला. मग भराभरा बोलली. इदरीस हसला, पंकजाताई हसल्या. "मावशी, त्या म्हणतात, त्यांच्या भावाचं नाव अजुजी. म्हणजे उकिरडा. त्याच्याही आधीची मुलं गेली होती."

"अगं बया! आमच्यात बी कचरू हाय की! केरू हाय!" दगडाबाई ओरडली आणि भिंतीला टेकून इतकी हसली की गोरक्षनाथ बाहेरून आत डोकावला.

पहिल्या सकाळी हादीझा अंगणात चटई टाकून नमाजाला उभी राहिली, उगवतीकडं तोंड करून. गोरक्षनाथ शेळ्यांना पाला टाकत होता. तो थांबला. तिचं आटोपल्यावर बायकोला म्हणाला, "आपल्या पाथर्डीतली अत्तार मंडळी मावळतीकडं तोंड करत्यात. हिला कुनी सांगितलं न्हाई वाटतं."

पंकजाताईंना फोन लावला. त्यांनी इदरीसला विचारलं. हादीझानं ऐकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग काडी घेऊन अंगणात एक रेघ ओढली. मधे एक खडा ठेवला, ती मक्का. रेघेच्या एका टोकाला स्वतःचं गाव, दुसऱ्या टोकाला दगडाबाईचं घर. तिकडून मक्का उगवतीला, इकडून मावळतीला. सवयीनं ती गावासारखीच उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी गोरक्षनाथानं मावळतीच्या बाजूची लाकडं उचलून तिच्यासाठी जागा झाडून ठेवली.

इदरीस दोन आठवड्यांनी परत गेला. मग घरात भाषा उरली नाही. पण उखळ होतं. दगडाबाईची सासू गेल्यापासून ते कोपऱ्यात पालथं पडलेलं. बाजरी गिरणीतून दळून यायची. हादीझानं ते पाहिलं, सरळ केलं, धुतलं, आणि मुसळ घेऊन बाजरी कांडायला लागली. एक घाव घातला की मुसळ हवेत सोडायची, हातांची टाळी वाजवायची, आणि मुसळ खाली यायच्या आत पुन्हा धरायची. गल्लीतल्या बायका बघायला जमल्या. दगडाबाईनं तसं करून बघितलं तर मुसळ जाऊन शेळीच्या बादलीत पडलं. त्या बाजरीचे गोळे करून हादीझानं शेळीच्या दुधात कालवले. दगडाबाईनं तिला भाकरी थापायला शिकवली. हादीझाची भाकरी कधी गोल झाली नाही; पण ठेचा मात्र ती असा खायची की गोरक्षनाथ तांब्या तयार ठेवायचा आणि तिला तो कधी लागायचा नाही.

भांडणही झालं. हादीझाला घाई फार. डोळा सोडवताना ती साल ओढायची आणि आतला कोंब सालीतून निसटून काडीलाच राहायचा. असा रिकामा डोळा कितीही बांधा, फुटत नाही. दगडाबाईनं दाखवलं, पुन्हा दाखवलं. एका दुपारी पाहिलं तर अख्खा वाफा असाच बांधलेला. तिनं हादीझाच्या मनगटावर चापट मारली. "आंधळी हायस का? दिसत न्हाई व्हय?"

शब्द कळले नाहीत, चापट कळली. हादीझा उठली आणि बांधावर जाऊन पाठ करून बसली. सांजेपर्यंत बोलली नाही, जेवली नाही. दगडाबाई आतून चुटपुटत राहिली. पाहुणी बाई, परक्या मुलखातली, आणि आपण हात उचलला. सकाळी ती रोपवाटिकेत गेली तर हादीझा आधीच येऊन बसलेली. आदल्या दिवशी बांधलेल्या सगळ्या पट्ट्या तिनं सोडल्या होत्या आणि एकेक डोळा नव्यानं भरत होती, सावकाश, ओठ दातांत धरून. दगडाबाई शेजारी बसली. हादीझानं न बघता तिचं मनगट धरलं, त्यावर हलकी चापट मारली आणि पुढचा डोळा भरायला घेतला. फिटलं.

त्या वाफ्याचे डोळे फुटले तेव्हा दगडाबाईनं आनंदानं पंकजाताईंना फोन केला, "ताई, हिचं समदं डोळं फुटलं!" पंकजाताई दुसऱ्या फोनवर इदरीसशी बोलत होत्या, त्यांनी गडबडीत शब्दाला शब्द सांगून टाकला आणि नायजरमध्ये अर्धा दिवस हादीझाच्या मुली रडत होत्या की आईची दृष्टी गेली. हे कळल्यावर दोघी वाफ्यातच लोळल्या.

एकदा पट्ट्या कापता कापता हादीझा तिच्याकडं बोट करून म्हणाली, "कावाता." आपल्या छातीवर हात ठेवून पुन्हा, "कावाता." पंकजाताईंनी नंतर इदरीसला विचारून अर्थ सांगितला: माझी मैत्रीण. बाई बाईला म्हणते तो शब्द.

"आमच्यात गडणी म्हनत्यात," दगडाबाई म्हणाली. आणि मग तो शब्द तिनं स्वतःशीच दोन-तीनदा उच्चारून पाहिला, कारण तो तिनं आयुष्यात कुणासाठी वापरला नव्हता.

दसऱ्याच्या आत हादीझा गेली. जाताना दोघी रडल्या नाहीत. हादीझा गाडीत बसता बसता आकाशाकडं बोट करून विमान दाखवत होती आणि मग ते बोट दगडाबाईकडं वळवत होती. तू ये. पुढच्या वर्षी तू ये. योजनेत तसं ठरलंच होतं. हादीझाच्या गावी लावलेली कलमं बघायला आणि तिथल्या बायकांना शिकवायला दगडाबाईनं जायचं होतं.

ते वर्ष दगडाबाईच्या आयुष्यातलं सगळ्यात भरलेलं. तिचा पासपोर्ट निघाला. त्यासाठी नगरला फोटो काढताना पदर कानामागं घ्यायला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "कानाचं काय काम हाय तिकडं?" रामहरीनं आईला तिचा स्वतःचा मोबाईल घेऊन दिला आणि व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायला शिकवलं. हादीझा तिकडून आवाज पाठवायची, कधी चांगला लांबलचक. दगडाबाईला त्यातलं 'दागदा' आणि 'मागार्या' एवढंच कळायचं. दागदा म्हणजे ती स्वतः, मागार्या म्हणजे बोर. तरी ती सगळा ऐकायची, भाकरी थापताना, शेळ्यांमागं. आणि उत्तरात मराठीत सांगायची: छबूबाईची सून माहेरी गेली, औंदा मूग चांगला आला, गुडघ्याला तेल चोळते पण गुण न्हाई.

"तिला काय कळतंय ह्यातलं?" छबूबाई विचारायची.

"तुला तरी काय कळतंय?" दगडाबाई म्हणायची.

मग हादीझानं फोटो पाठवला. वाळूत ओळीनं काट्यांची कुंपणं, प्रत्येकात एक कलम, आणि शेवटच्या कुंपणामागं ती, कमरेवर हात. कलमांना पालवी होती. दगडाबाईनं तो फोटो गावात इतका फिरवला की लोक तिला लांबून बघून वाट बदलायचे.

श्रावणात पंकजाताई घरी आल्या. चहा घेतला नाही. नायजरमध्ये लष्करानं सरकार उलथवलं होतं, विमानं बंद होती. "मावशी, जाणं पुढं गेलं."

"कदी?"

"सांगता येत नाही."

गेलं ते गेलंच. पैसा देणाऱ्या देशानं आधी हात आखडता घेतला, मग काढून घेतला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संस्थेनं रोपवाटिका कशीबशी ओढली. मग जमिनीच्या मालकानं माळ परत घेतला, शेडनेट उतरवलं, उरलेली रोपं शेतकऱ्यांना वाटून टाकली. पंकजाताई रडल्या. दगडाबाईनं त्यांना पाणी दिलं.

त्याच उन्हाळ्यात हादीझाचे आवाज बदलले. आधी ती हसत बोलायची. आता खाली आवाजात, थांबत. दगडाबाईनं एक आवाज पंकजाताईंना ऐकवला, त्यांनी इदरीसला पाठवला. त्याचं उत्तर आलं: गावाभोवती मोटारसायकलींवरून बंदूकवाले फिरतात. आजूबाजूची गावं उठली. हादीझा म्हणते, कलमांना अजून कुंपण लागतं, मी कशी जाऊ?

"तिला सांगा, जा म्हनावं," दगडाबाई म्हणाली. "झाडं काय, झाडं परत लावता येत्यात. सांगा तिला. माज्या नावानं सांगा."

निरोप गेला. पोचला की नाही, ठाऊक नाही. त्यानंतर हादीझाचा आवाज आला नाही. दगडाबाईनं पाठवलेल्या आवाजांपुढं एकच टिक दिसायची, दुसरी उमटायची नाही. रामहरी म्हणाला, "आई, तिचा फोन बंद आसंल. चार्जिंग नसंल तिकडं." ते तिला पटलं. फडातसुद्धा नसतंच की चार्जिंग.

आणि दसऱ्यानंतर ती स्वतःच फडात होती. गोरक्षनाथानं मुकादमाला शब्द दिला तेव्हा तिला विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. देवळाली प्रवरेच्या बाजूला, कॅनॉलच्या कडेला कोप्या पडल्या. सुटलेली कंबर पुन्हा धरली. तिथूनही ती हादीझाला आवाज पाठवत राहिली. आज ऊस लई पडलेला हुता. आज छबूबाईला इंचू चावला, पर उतरला. तू कुटं हायस? जेवतीस का? बोल की एकदा. एकच टिक.

संक्रांत होऊन गेली होती. भर दुपारी दगडाबाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती तेव्हा फडाच्या तोंडाशी जीप थांबली आणि पंकजाताई उतरल्या. पाचटातून साडी सावरत येताना त्यांना पाहिलं आणि दगडाबाईला कळलं. पाथर्डीहून इतक्या लांब कुणी चांगली बातमी सांगायला येत नाही. चांगली बातमी फोनवर येते.

तिनं मोळी ट्रॉलीत टाकली. फळीवरून खाली आली. "बोला ताई."

"इदरीसला हादीझाची मुलगी भेटली," पंकजाताई म्हणाल्या. "मावशी, गाव उठलं तेव्हा त्या बाहेर पडल्या होत्या. शेवटी पडल्या, पण पडल्या. दुसऱ्या गावाजवळ तंबू टाकून राहत होत्या. तिकडचा पाऊस सुरू झाला आणि ताप आला. साधा हिवताप. औषध मिळालं नाही."

"कदी?"

"पोळ्याच्या सुमाराला."

दगडाबाई मनात सण मोजत गेली. पोळा, गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत. इतके दिवस ती मेलेल्या बाईला विंचवाची गोष्ट सांगत होती. जेवतीस का विचारत होती.

"तिला माजा निरोप गेलता का? जा म्हनून?"

"ते नाही कळलं, मावशी."

ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. दगडाबाई वळली, दुसरी मोळी उचलली, फळीवर चढली. तिसरी उचलली. छबूबाईनं येऊन तिच्या खांद्याला धरलं. "कोन गेलं गं? रामहरीचं काय..."

"न्हाई. हादी गेली."

"ती काळी पाहुनी?" छबूबाईच्या तोंडून निघून गेलं, आणि दगडाबाईचा चेहरा बघून तिनं पुढं काही विचारलं नाही. नुसतीच मोळी तिच्या हातातून घेऊन आपल्या डोक्यावर ठेवली.

अडचण पुढं आली. रडायचं कसं? आपल्यातलं माणूस गेलं तर बायका जमतात, गळ्यात पडतात, दहाव्याला नदीवर जातात, पिंडाला कावळा शिवतो की नाही ते बघतात. माणूस गेल्यावर काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ते करता करता दुःख वाहून जातं. हादीझासाठी काय करायचं? ना नात्यातली, ना जातीतली, ना देशातली. टोळीतल्या एका म्हातारीनं सरळ विचारलं, "पर ती तुजी लागत कोन हुती?" दगडाबाईजवळ उत्तर होतं, पण ते म्हटलं तर लोक हसतील असं तिला वाटलं. दिवसचे दिवस तिनं ऊस तोडला, भाकरी थापल्या, फोनला हात लावला नाही.

एका बाजाराच्या दिवशी गोरक्षनाथ म्हणाला, "लुगडं बदल. गावात जायचंय."

"कशाला?"

"चल तर."

देवळाली प्रवरेच्या बाजारात बाबूभाई अत्तारांचं दुकान होतं. हळद, कुंकू, बांगड्या, उदबत्त्या. पांढऱ्या दाढीचे, साठी उलटून गेलेले. गोरक्षनाथाची त्यांच्याशी आधी ओळख नव्हती. तो आदल्या बाजारी एकटाच येऊन, दुकानासमोर बराच वेळ उभा राहून, शेवटी बोलून गेला होता. अनोळखी माणसाशी आपणहून बोललेला हा बहुधा त्याच्या जन्मातला पहिलाच प्रसंग.

"या बाई," बाबूभाई म्हणाले. "तुमच्या मालकांनी सांगितलं मला. तुमची मैत्रीण वारली म्हणून." त्यांनी गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं आणि दोघांना दुकानामागच्या पडवीत नेलं. तिथं चटई अंथरलेली होती.

"नाव काय त्यांचं?"

"हादीझा."

"खदीजा. लई थोर नाव आहे." बाबूभाईंनी मान हलवली. "आणि वडिलांचं? वडिलांचं नाव घेऊन दुआ करू."

दगडाबाईनं तोंड उघडलं. ती कशी झोपायची ते तिला माहीत होतं. मिरची कितपत चालते, राग कसा येतो, कसा जातो, भावाचं नाव काय, ते माहीत होतं. बापाचं नाव तिनं कधी विचारलं नव्हतं. विचारायला भाषा नव्हती; आणि पुढच्या वर्षी जायचंच होतं.

"न्हाई ठाव," ती म्हणाली. "मला तिच्या बापाचं नाव न्हाई ठाव." आणि तिथं तिला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं. चटईवर बसून, पदर तोंडात कोंबून, आणि मग तो सोडून देऊन. "गडणी म्हनायची मी तिला, आन् बापाचं नाव न्हाई ठाव!"

बाबूभाई थांबले. घाई केली नाही. तिचं रडणं ओसरल्यावर म्हणाले, "बाई, ज्याच्याकडं गेल्या त्याला ठाऊक आहे. आपल्याला नसलं तरी चालतं."

गोरक्षनाथानं मयताला काढतात तशी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. बाबूभाईंनी ते पाहिलं आणि खुणेनं सांगितलं, "असू द्या. आमच्यात डोकं झाकतात." त्यानं टोपी परत घातली. दगडाबाईनं पदर डोक्यावर ओढला. बाबूभाईंनी दोन्ही हात वर केले आणि पुटपुटायला लागले. आपल्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. मग तिनंही ते तसेच पुढं धरले. ऊस तोडून भेगाळलेले, पाण्यासाठी धरावेत तसे. समजलं काहीच नाही. पण न समजणारं बोलणं ऐकायची तिला सवय होती.

निघताना बाबूभाईंनी तिच्यासाठी उदबत्तीचा पुडा दिला. कॅनॉलच्या पुलावर गोरक्षनाथ तिच्यासाठी थांबला, एवढंच. एरवी तो पुढं चालतो.

पाडव्याला दोघं गावी आली. पंकजाताईंची संस्था सुटली होती. त्या आता पुण्यात असतात. जाण्याआधी भेटायला आल्या तेव्हा दगडाबाईनं विचारलं, "झाडांचं काय झालं, ताई?"

"कुणी गेलंच नाही तिकडं अजून. ठाऊक नाही."

दगडाबाईनं मान हलवली. शेळ्यांनी वरचं कलम खाल्लं तर बोर मरत नाही हे ती जाणून होती. खालचा खुंट फुटतो, काटे घेऊन वर येतो, आणि पुन्हा रानटीच फळ धरतो, बारीक, आंबट. हादीझाच्या हातचं त्यात काही राहत नाही. हे तिनं ताईंना सांगितलं नाही.

पुढच्या दसऱ्याला वेशीत ट्रॅक्टर उभे राहिले. गोरक्षनाथाचे गुडघे आता नीट वाकत नाहीत, तरी तो चढला. दगडाबाई आणि छबूबाई पत्र्यांच्या आणि भांड्यांच्या मधे जागा करून बसल्या. पाथर्डी मागं पडली, तसा वारा लागायला लागला. छबूबाईनं बराच वेळ तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बाई, सांग की. मी तिला लांबूनच बघितली. कशी हुती गं ती?"

दगडाबाईला तोपर्यंत हे कुणीच विचारलं नव्हतं. कुठून सुरू करावं ते तिला सुचेना.

"पानी पिताना डोळं मिटायची," ती शेवटी म्हणाली.

"का?"

"काय की. मी इचारलं न्हाई."

छबूबाई थोडी सरकून तिच्या जवळ आली. ट्रॉली खड्ड्यातून गेली, भांडी खणखणली, आणि दगडाबाई पुढचं सांगायला लागली.